खून खटल्याचा शेवटचा टप्पा

पाचाडसारख्या महाड तालुक्यातील गावात खून झाला, तर दोषारोपपत्र महाडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दाखल होते, पण खटला चालतो सत्र न्यायालयात, म्हणजे माणगावला. न्यायालय खुले असते. जागा असेल तर कोणीही मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकू शकतो. न्यायाधीशांनी मनाई केली तर मात्र बाहेर पडावे लागते. पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर दिसते. अर्थात तारीख पडली म्हणजे सुनावणी झालीच, असे नव्हे.

सरकार पक्षाच्या साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला पुराव्याबाबत प्रश्न विचारतात. ही उत्तरे शपथेवर नसतात. मग बचावाचे साक्षीदार, असल्यास. त्यानंतर युक्तिवाद: आधी सरकारी वकील, नंतर बचाव पक्ष. ऐकणाऱ्याच्या चिकाटीची कसोटी इथेच लागते. सिनेमातले नाट्य फारसे नसते. पंचनाम्याची वेळ, कोयत्यावरचा रक्तगट, मृताला शेवटचे कोणासोबत पाहिले, यावर तासन्तास खल चालतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, कारणे नोंदवल्यास ४५ दिवसांपर्यंत, निकाल द्यायचा असतो. दोषी ठरवणे आणि शिक्षा सुनावणे ही दोन वेगळी पावले. कोपर्डी गावातील बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात अहमदनगरच्या न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना दोषी ठरवले. शिक्षेवर स्वतंत्र युक्तिवाद होऊन २९ नोव्हेंबरला फाशी सुनावली. खुनाला किमान शिक्षा जन्मठेपेची आहे. फाशी झालीच, तर उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.