तारखेशिवाय रिपोर्ट नाही

सकाळची सँपल लावून इथे पोहोचलेल्या टेक्निशियन मित्रमैत्रिणींनो,

आज मला लघवीच्या बाटलीबद्दल बोलायचे आहे.

लघवीचा नमुना म्हटला की आपल्याला पस सेल्स, साखर, अल्ब्युमिन आणि कल्चर आठवते. विषाणू शोधायचा तर रक्त, नाहीतर घशातला स्वॅब. पण सायटोमेगॅलो, झिका, गोवर, बीके हे सारे विषाणू लघवीत उतरतात. मात्र नमुना कोणत्या दिवशी घेतला हे ठाऊक नसेल, तर त्या रिपोर्टला काडीचाही अर्थ उरत नाही.

सायटोमेगॅलोचेच (सीएमव्ही) घ्या. नवजात बाळाच्या श्रवणचाचणीत शंका येते, म्हणून हा विषाणू तपासायचे ठरते. सिस्टर बाळाला चिकट पिशवी लावतात, ती दोनदा सुटते, तिसऱ्यांदा कशीबशी दोन मिलिलिटर लघवी मिळते. ही लघवी जन्मापासून 21 दिवसांच्या आतली असेल आणि त्यात विषाणू सापडला, तर संसर्ग आईच्या पोटातच झाला असे ठामपणे सांगता येते. त्यानंतरच्या नमुन्यात सापडला, तर तो पोटातून आला की प्रसूतीनंतर आईच्या दुधातून, हे तेवढ्या पीसीआरवरून सांगता येत नाही. लाळ घेणे सोपे खरे. पण दुधातला विषाणू लाळेत मिसळतो, म्हणून शिक्कामोर्तब लघवीवरच करावे लागते. आणि आपल्यापर्यंत येणाऱ्या फॉर्मवर काय असते? ‘बेबी ऑफ’ अमुक, ‘युरिन सीएमव्ही’. जन्मतारखेचा रकाना कोरा! चाचणी बिनचूक होते, पण बालरोगतज्ज्ञाच्या हाती काहीच लागत नाही.

झिकाचेही तसेच. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आणि 2024 मध्ये पुणे शहरात त्याने आपले दार ठोठावले. या विषाणूचा आरएनए रक्तात साधारण आठवडाभर मिळतो, लघवीत बहुधा त्याहून अधिक दिवस. आजाराच्या दहाव्या दिवशी आलेल्या गर्भवतीचे नुसते रक्त तपासून ‘निगेटिव्ह’ म्हणणे म्हणजे तिला खोटा दिलासा देणे.

पॉझिटिव्हही जपून वाचावे. बीके विषाणू धडधाकट माणसाच्या लघवीतही दिसतो. मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णात तो आधी लघवीत वाढतो, मग रक्तात येतो. लघवीतला आकडा ही सूचना समजावी. पुढचा निर्णय रक्तातला विषाणूभार पाहून घ्यावा.

आता आपल्या टेबलाकडे वळतो. लघवीतला युरिया पीसीआरला अडवतो. इंटर्नल कंट्रोल उठला नाही आणि विषाणूही दिसला नाही, तर रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘इनव्हॅलिड’. नमुना पुन्हा मागवायचा. दुपारभर उन्हात राहिलेल्या बाटलीवर तर विश्वास टाकूच नये.

नव्या यंत्रांची मागणी आपण दरवर्षी करतो, यंदाही करू. पण फॉर्म कोरा आला की वॉर्डात फोन लावायला, आजाराचा किंवा जन्माचा कितवा दिवस हे रिपोर्टवर छापायला कोणाची मंजुरी लागत नाही. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येकाने आपल्या प्रयोगशाळेत किती फॉर्म तारखेसह आले याचा हिशेब आणावा. पहिले सत्र त्यावरच ठेवू.