पऱ्हाटीत कोंडलेली साखर



भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात रात्री कुजकी लाकडं हिरवट चमकतात. ती भुताटकी नाही. लाकूड खाणारी बुरशी आहे ती. लाकूड खायचं म्हणजे त्यातलं सेल्युलोज, साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी, तोडायची. आपल्या कापसाच्या तंतूत शंभरातले नव्वद भाग हेच सेल्युलोज. कडब्यात आणि पऱ्हाटीतही तेच. पण पऱ्हाटीत लिग्निनचा चिवटपणा फार, म्हणून बैल तिला तोंड लावत नाही.

साखळी तोडणाऱ्या रसाचं नाव सेल्युलेज विकर. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचं कापसाचं तंबूकापड कुजलं. त्यावरची बुरशी शास्त्रज्ञांनी जपली आणि तिच्या वंशावर विकरांचे मोठे कारखाने उभे राहिले. कापूस कुजला तेव्हा सगळे जागे झाले. कापसाचा भाव कुजतो तेव्हा कोणी कूस बदलत नाही!

या बुरशीचं विकर ५० अंशांच्या आसपास चांगलं चालतं, त्याच्या फार पुढं ढिलं पडतं. जास्त आच सोसणारं विकर असेल तर काम झपाट्यानं होतं, आणि तयार साखर मधल्यामध्ये फस्त करणारे जंतू त्या आचेत टिकत नाहीत. ते शोधायला विलायतेला जायला नको. नीट रचलेला ओलसर उकिरडा आतून ६०-७० अंश तापतो, हात घालवत नाही. तिथं काडीकचरा खाणाऱ्या जंतूंची विकरं आचेला सरावलेली असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अभ्यासलेला असा एक जंतू आपोआप तापणाऱ्या कंपोस्टमधलाच. त्यावरचं काम २००१ साली प्रसिद्ध झालं.

१० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना देशाला अर्पण झाला. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. आखणी वर्षाला २ लाख टन पेंढ्याची. उद्या पऱ्हाटीलाही असं गिऱ्हाईक येईल आणि विकर महाग पडतं म्हणून भाव पाडून मागेल. तेव्हा चुलीचं जळण, जमिनीचा कस, उपटणी आणि वाहतूक, सगळं हिशेबात धरा. गुलाबी बोंडअळीमुळं पऱ्हाटी रानात उभी ठेवता येत नाही. म्हणजे विकायची घाई आपल्याला, थांबायची मुभा त्याला. ती घाई मोडायची तर पऱ्हाटी बारीक करून, शेणकाला शिंपून, ओल राखून ढीग रचा. तिथले जंतू पगार मागत नाहीत.