रोजा आणि पाण्याचा सण

एप्रिल 2023, रमजान. पाठीवर सॅक घेऊन मी लाओसला होतो. तिथं 14 ते 16 एप्रिल 'पी माय', म्हणजे नववर्ष. बुद्धमूर्तींना स्नान घालतात, रस्त्यात एकमेकांना भिजवतात. मुसाफिराला रोज्यात सवलत आहे, पण मी रोजा धरलेला. घसा कोरडा, कपडे चिंब!

एका आजींनी प्यायला पाणी दिलं. मी 'रमदान' म्हणत नकार दिला. त्यांनी तेच पाणी हळूच माझ्या खांद्यावर ओतलं. हा त्यांचा आशीर्वाद. मी मान झुकवली. चुकलं का? आपल्या रिठदमध्ये पोळ्याला दारात बैल आला की अब्बा त्याला खाऊ घालतातच ना!

मूर्तीच्या स्नानाला मात्र मी बाजूला उभा राहिलो. कुणी ओढलं नाही. संध्याकाळी व्हिएन्तियानच्या जामा मशिदीत ओल्या कपड्यांनीच इफ्तार केला.