पोरांची शाळा धुऱ्यावर भरू द्या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी भातखाचरातला माणूस. शहापूरजवळचं, भातसा नदीच्या काठचं सापगाव हे माझं गाव. तुम्ही कपाशी-ज्वारीवाले. कापूस कसा पिकवावा हे मी तुम्हाला काय सांगणार? पण मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. तेव्हा बोलायचं आहे ते तुमच्या पोरांच्या शाळेबद्दल.

आमच्या तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्याच कितीतरी पाड्यांवर बाया डोक्यावर हंडे घेऊन वणवण करतात. त्या बायांची पोरं शाळेत 'पाण्याचे महत्त्व' पाठ करतात. पुस्तकात ढग, डोंगर आणि समुद्राचं चित्र असतं. नदी शाळेपासून हाकेच्या अंतरावर, पण तिथं वर्ग न्यायचा नाही. मीही बरीच वर्षं हेच केलं. परिसर अभ्यास शिकवायचा आणि परिसराकडे पाठ करून बसायचं!

एका पावसाळ्यात चौथीचा वर्ग मी नदीवर नेला. त्यात कातकरी वाडीतला एक पोरगा होता. त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. मी त्याला 'ढ' म्हणून सोडून दिलेला. पण काठावर तोच बोलू लागला. पहिल्या पावसात मासे वलगणीला वर चढतात, त्यांच्या पोटात गाबोळी असते, सगळेच धरले तर पुढं मासा मिळत नाही, हे त्यानं सांगितलं. पुस्तकातला अख्खा धडा त्या पोराच्या डोक्यात होता. वर्गात तो मुका होता, कारण त्याला जे येत होतं ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

हे शहाणपण काही माझं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. हा भाग तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघरमध्ये आहे. आदिवासींची पोरं गुरांमागं जात, शाळेत येत नसत. पोरं येत नाहीत, तर शाळा कुरणात गेली. तीच कुरणशाळा. पानं, बिया, खडे हीच तिथली पाटी-पुस्तकं. आणि तुमच्या कापसाच्या मुलखात, वर्ध्याला, 1937 साली गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याची गोष्ट मांडली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही पोरं मातीत हात घालून शिकतात.

तुम्ही म्हणाल, मास्तर, याचा आमच्याशी काय संबंध? संबंध आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेली. शेतात कोणती कीड आहे, किती आहे, फवारायची गरज आहे का, हे आपल्याला कोण सांगतं? औषध विकणारा दुकानदार!

मग हे पोरांनीच मोजायला शिकावं. दहा झाडं घ्या, पानं उलटवा. एका रकान्यात मावा, दुसऱ्यात ढालकिडे. झाली बेरीज, झाली सरासरी. ढालकिड्याची अळी अंगानं लहानशा मगरीसारखी दिसते. आपण तिला कीड समजून मारतो, आणि ती तर मावा खाते. काचेच्या बाटलीत माव्याचं पान आणि ती अळी ठेवा, तोंडाला फडकं बांधा. पोरं डोळ्यांनी बघतील, मग जन्मात विसरणार नाहीत. कामगंध सापळ्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजा. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली. ज्वारीच्या कणसावर कोणता पक्षी दाणा टिपतो आणि कपाशीतल्या थांब्यावर बसून कोणता किडे टिपतो, तेही लिहा. धुऱ्यावरची गवताची माती एका पत्र्यावर, उघडी माती दुसऱ्यावर ठेवा. दोन्ही पत्रे सारखे तिरपे करा आणि एकेक तांब्या पाणी ओता. गढूळ पाणी कुठून आलं, हे पोरंच सांगतील.

दोन गोष्टी मात्र सक्त पाळा. फवारलेल्या वावरात पोरांना पाठवायचं नाही. आणि या नावाखाली कुणाच्या शेतात पोरांकडून फुकट निंदण करून घ्यायचं नाही. ते शिक्षण नव्हे, वेठ आहे.

काहीजण म्हणतील, शेतीतून सुटावं म्हणून तर पोराला शाळेत घातलं, तिथंही मातीच? मला हे पटतं. पोरगं डॉक्टर होवो, इंजिनियर होवो, त्यानं शेतीच करावी असं मी म्हणत नाही. पण नीट बघणं, मोजणं आणि 'का' विचारणं हे डॉक्टरलाही लागतं. आणि जे शेतात राहतील, त्यांना दुकानदारापुढं मान खाली घालावी लागणार नाही.

करायचं काय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन जण पालक असतात, निम्म्या बाया असतात. त्या समितीच्या पुढच्या बैठकीला जा. आठवड्यातला एक तास शाळेबाहेर मागा. गावातल्या एका शेतकऱ्यानं दोन ओळी न फवारता पोरांसाठी ठेवाव्यात. गावातल्या एका म्हातारीनं येऊन रानभाज्या ओळखून दाखवाव्यात. याला पैसा लागत नाही, वरून आदेश लागत नाही.

माझ्या वर्गातल्या त्या पोराला मी 'ढ' ठरवलं होतं, ती चूक माझी होती. तुमच्या गावात ती होऊ देऊ नका.