धंद्याचे गुपित आणि न्यायालयाचे उघडे दार



सप्टेंबर १९६० मध्ये मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात एक लेख छापून आला. त्या काळी गाजलेल्या मुंद्रा घोटाळ्यापेक्षाही मोठा घोटाळा, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी त्यावरून संपादक रुसी करंजिया यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तीन लाख रुपयांची भरपाई मागितली. दावा न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यापुढे सुनावणीला आला.

बचाव पक्षाने एका व्यापाऱ्याला साक्षीसाठी बोलावले होते. त्याची साक्ष वर्तमानपत्रांत येऊ लागली. पुढे त्याला पुन्हा पिंजऱ्यात बोलावण्यात आले, तेव्हा त्याने न्यायमूर्तींना विनंती केली की माझी आधीची साक्ष छापून आल्याने माझ्या धंद्याचे नुकसान झाले आहे, आता तरी ती छापू देऊ नका. न्यायमूर्तींनी ती विनंती मान्य केली आणि ही साक्ष प्रसिद्ध करू नये, असा आदेश दिला. आदेश तोंडी होता. तो लेखी मिळावा अशी मागणी झाली, पण ती मान्य झाली नाही.

न्यायालयाचे दार त्या दिवशी उघडेच होते. ज्याला आत जागा मिळाली त्याने साक्ष ऐकली. बंदी होती ती फक्त छापण्यावर. म्हणजे कोर्टात बसलेल्या माणसाला जे कळले, ते गिरगावात किंवा गिरणगावात पेपर वाचणाऱ्याला कळू द्यायचे नव्हते. ‘ब्लिट्झ’चे बातमीदार नरेश मिरजकर आणि आणखी काही पत्रकारांनी याला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले. ३ मार्च १९६६ रोजी निकाल लागला, आठ विरुद्ध एक.

बहुमताचा निकाल सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. न्यायदान उघड्यावर व्हावे, लोकांची नजर हाच न्यायाधीशावरचा मोठा पहारा आहे, हे त्यांनी आवर्जून मांडले. मात्र न्यायाच्याच हितासाठी गरज पडली, तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात कामकाज बंद दाराआड घेऊ शकते आणि प्रसिद्धीही थांबवू शकते, असे त्यांनी ठरवले. तारकुंडेंचा आदेश त्यांनी दावा चालू असेपर्यंतचा, तात्पुरता मानला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला एकटे विरोधात राहिले. असा आदेश देण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असे त्यांचे मत होते.

साताऱ्याचे गजेंद्रगडकर आणि सासवडचे तारकुंडे, दोघेही मोठ्या मनाची माणसे. तारकुंडे तर पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे आधारस्तंभ झाले. म्हणूनच हा निकाल वाचताना मी दर वेळी अडखळतो. साक्षीदाराने न घाबरता खरे सांगावे, त्यासाठी त्याला आडोसा द्यावा, हा विचार मला पटतो. पण त्याने पुढे केलेले कारण काय होते? धंद्याचे नुकसान. आणि धंद्याचे नुकसान दोन तऱ्हांनी होते. एखाद्या कारखान्याची रंग बनवण्याची कृती प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली, तर नुकसान होते. त्याच कारखान्याने हिशेबाच्या दोन वह्या ठेवल्या होत्या हे गिऱ्हाइकांना कळले, तरीही नुकसान होते. पहिल्या नुकसानीपासून न्यायालयाने वाचवलेच पाहिजे. दुसऱ्या नुकसानीपासून वाचवणे हे न्यायालयाचे काम नाही, असे मला ठामपणे वाटते.

प्रसिद्धी थांबवण्याचा हा प्रश्न २०१२ मध्ये पुन्हा उभा राहिला. सहारा समूहातील दोन कंपन्यांनी लोकांकडून रोख्यांच्या रूपाने गोळा केलेल्या पैशांवरून त्यांचा भांडवल बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीशी वाद चालू होता. सहाराच्या वकिलांनी सेबीच्या वकिलांना तारणाविषयीचा एक प्रस्ताव खासगीत पाठवला आणि तो एका वृत्तवाहिनीवर झळकला. सहाराने तक्रार केली. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या पाच जणांच्या पीठाने मिरजकर निकालाचाच आधार घेत सांगितले की न्यायालय प्रसिद्धी पुढे ढकलू शकते. पण ढकलायची तर थोड्या काळासाठी. न्यायदानाला खरा आणि मोठा धोका असेल तेव्हाच, आणि दुसरा सौम्य उपाय नसेल तेव्हाच. मला हा निकाल १९६६ च्या निकालापेक्षा जास्त सावध वाटतो, कारण त्याने मोजपट्टी दिली. तरी मनात येतेच, की त्या प्रस्तावाशी ज्यांच्या कष्टाच्या पैशांचा संबंध होता, त्या गुंतवणूकदारांची संख्या कोट्यवधी होती.

आता खऱ्या गुपिताकडे येऊ. मोबाइल फोनच्या तंत्रज्ञानाचे पेटंट असलेली कंपनी फोन बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावते. पेटंटवाल्या कंपनीने जगभर कोणाला किती दराने परवाने दिले, हे न्यायालयाला पाहावेच लागते, नाहीतर वाजवी दर ठरणार कसा? पण ते करार उघडे टाकले, तर बाजारातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला दर कळतील. यावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत एक वाट काढलेली आहे, तिला ‘कॉन्फिडेन्शिअॅलिटी क्लब’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी जास्तीत जास्त तीन वकील नेमायचे, आणि ते कंपनीच्या पगारावरचे नसावेत. शिवाय बाहेरचे दोन तज्ज्ञ घेता येतात. कागद सीलबंद स्थितीत न्यायालयाच्या ताब्यात राहतात. या मोजक्या लोकांनी ते तिथे पाहायचे, नक्कल घ्यायची नाही आणि बाहेर अवाक्षर काढायचे नाही. या व्यवस्थेत समोरच्या पक्षाची बाजू मांडणाऱ्या कोणाला तरी कागद दिसतो, आणि ही फार महत्त्वाची गोष्ट आहे.

कारण सीलबंद लिफाफ्याची दुसरी एक पद्धत आपल्याकडे रुजली होती. एका पक्षाने लिफाफा थेट न्यायमूर्तींच्या हाती द्यायचा, त्यांनी तो वाचायचा, आणि ज्याच्याविरुद्ध तो वापरला जाणार त्याला आत काय आहे हे कळूच द्यायचे नाही. ज्या कागदाने माणूस हरतो, तो कागद त्याला पाहता येऊ नये, याला न्याय कसे म्हणावे? सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे या पद्धतीला लगाम घातला. २०२२ मध्ये टाकानो प्रकरणात त्याने सेबीला सांगितले की ज्याच्यावर कारवाई करता, त्याला चौकशीचा अहवाल दिला पाहिजे. त्रयस्थांची खासगी माहिती किंवा बाजाराच्या स्थैर्याला बाधक मजकूर असेल तर तेवढाच झाकता येईल. एप्रिल २०२३ मध्ये ‘मीडिया वन’ या मल्याळम वाहिनीच्या प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी हीच दिशा पक्की केली. तिथे मुद्दा राष्ट्रीय सुरक्षेचा होता. सुरक्षेचे नाव घेऊनही सरकारला आपोआप लिफाफा बंद ठेवता येत नसेल, तर एखाद्या कंपनीला ताळेबंदाचे नाव घेऊन तो बंद ठेवता येऊ नये.

आणि राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणग्या देण्याची सोय करणारे निवडणूक रोखे आठवा. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने राजकीय पक्षांना देणग्यांचा तपशील सीलबंद लिफाफ्यात निवडणूक आयोगाकडे द्यायला सांगितले. योजना घटनाबाह्य ठरली ती १५ फेब्रुवारी २०२४ रोजी, आणि कोणत्या कंपनीने किती रोखे घेतले ते मार्चमध्ये लोकांसमोर आले. मधल्या पाच वर्षांत महाराष्ट्राने आणि देशाने किती निवडणुका पाहिल्या! लिफाफा उघडला हे चांगलेच झाले. पण ज्या मतदाराने ती माहिती नसताना मत दिले, त्याला ते मत काही परत घेता येत नाही.

सर्वसामान्य माणसाला वाटेल, कंपन्यांच्या भांडणांशी आपला काय संबंध? ज्यांनी २०१९ मध्ये अडकलेल्या ठेवींसाठी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या शाखांसमोर रांगा लावल्या, त्यांना हा संबंध समजावून सांगावा लागणार नाही. बँकेच्या तपासणीत काय आढळले हे ठेवीदाराला कधी कळायचे? २०१५ मध्ये जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात रिझर्व्ह बँकेने तपासणीची माहिती देण्यास विरोध केला होता. बँकांनी विश्वासाने दिलेली माहिती आम्ही फोडू शकत नाही, असे तिचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. रिझर्व्ह बँकेचे कर्तव्य जनतेशी आणि ठेवीदारांशी आहे, ते एकेका बँकेच्या फायद्याशी नाही, असे न्यायालयाने सांगितले. माहिती अधिकाराच्या कायद्यातही व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, पण व्यापक लोकहित असेल तर ते संरक्षण बाजूला सारता येते.

आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण आणि लोकहिताचा अपवाद, दोन्ही त्यात आहेत. हा कायदा संसदेपुढे येईल तेव्हा त्यात आणखी तीन गोष्टी असाव्यात, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कागद झाकण्याचा आदेश नेहमी लेखी आणि कारणांसह असावा, आणि दाव्याच्या रोजनाम्यात त्याची नोंद कोणालाही वाचता यावी. अख्खी फाइल न झाकता फक्त गुपिताच्या ओळी झाकाव्यात. आणि आदेशावर मुदत असावी, म्हणजे मुदत संपल्यावर कागद झाकलेलाच ठेवायचा असेल, तर त्याची गरज पुन्हा पटवून देण्याचे ओझे कंपनीवर राहील. तो उघडून मागणाऱ्या नागरिकाला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत.