फ्लॅशचा पल्ला

लग्नमंडपातील छायाचित्रात आजीचा चेहरा काळवंडून उमटतो, आणि तो क्षण काही पुन्हा येत नाही. अशा वेळी दोन कारणे तपासावीत.

पहिले अंतर. ते दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश चौथाईच पोहोचतो. पूर्ण शक्तीही अपुरी पडत असेल, तर आयएसओ १०० वरून ४०० वर न्यावा. पल्ला दुप्पट होतो.

दुसरे कारण शुभ्र वस्त्रे. डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याचे प्रकाशमापन मध्यम करड्या छटेला प्रमाण मानते. पांढऱ्यावरून परतलेल्या विपुल प्रकाशाने फसून कॅमेरा फ्लॅश आवरता घेतो. तेथे फ्लॅश कॉम्पेन्सेशन +१ करावे.

मागाहून संगणकावर चित्र उजळता येते. मात्र सावल्यांत दाणे उठतात. म्हणून मंडळी पांगण्यापूर्वीच पडद्यावर चेहरे न्याहाळावेत.