पटावरचे श्रमिक आणि त्यांची संघटना
(पाली, जि. बीड येथे शालेय बुद्धिबळ स्पर्धेच्या पारितोषिक वितरणप्रसंगी केलेले भाषण)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. बुद्धिबळ मात्र जेमतेम खेळतो. तेव्हा या व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा अधिकार तसा बेताचाच. परंतु समारंभापूर्वी एका विजेत्या मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, पोरगी हुशार आहे म्हणतात. पण ह्यात पोट भरंल का?" हा प्रश्न बुद्धिबळाचा नाही, अर्थशास्त्राचा आहे. म्हणून ठरवलेले भाषण बाजूला ठेवून मी त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश विश्वविजेता झाला. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात तिच्यासमोर बसलेली कोनेरू हंपीही भारतीयच होती. आपणां सर्वांना याचा आनंद झाला आणि तो रास्तच आहे. परंतु वर्तमानपत्रांत शिखराचे छायाचित्र येते, पायथ्याचे येत नाही. पायथ्याशी शेकडो व्यावसायिक खेळाडू आहेत. प्रवास, निवास, प्रवेशशुल्क, प्रशिक्षक हा सारा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो आणि बक्षिसाची मोठी रक्कम पहिल्या काही क्रमांकांतच संपते. त्यांना ना वेतन, ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची रजा. शिखरावरही सारे समान नाहीत. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या विजेतीला ५० हजार डॉलर्स होते. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला १ लाख २० हजार.

मग हा खेळाडू कोणाचा नोकर? कायद्याने कोणाचाच नाही. पण मानांकन, किताब, राष्ट्रीय संघातील निवड, परदेशी स्पर्धांची वाट ही सारी एकाच महासंघाच्या दारातून जाते. राबणारे अनेक आणि दार मात्र एकच, अशा बाजारात अटी कोण घालतो हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. चेस असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने एक स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि तिने स्पर्धा भरवल्या. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणार नाही, असे बंधन खेळाडूंवर होते. ते मोडणाऱ्यांवर बंदी आली, त्यांची मानांकनेही काढून घेण्यात आली. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मिळवलेले मानांकन म्हणजे खेळाडूचे भांडवल. ते एका पत्राने पुसले गेले. हे प्रकरण २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेले. १२ जुलै २०१८ रोजी आयोगाने निर्णय दिला की, महासंघ हाही बाजारात वावरणारा उपक्रमच आहे आणि त्याने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला आहे. सुमारे ६ लाख ९२ हजार रुपये दंड झाला.

मित्रहो, मी समाजवादी विचारांचा माणूस. मुक्त बाजारपेठेच्या नावाने केलेला २००२ चा कायदा श्रमिकांच्या कामी यावा याची मला गंमत वाटली. आनंदही झाला. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. न्याय मिळायला सात वर्षे लागली, आणि सात वर्षांत खेळाडूच्या उमेदीचा काळ सरतो. शिवाय दंडाने चूक करणाऱ्याला शासन होते. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्यामुळे बलवान होत नाही. ते बळ संघटनेतूनच येते.

१९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा केवढे वादळ उठले! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना द्यावा लागला. रोहिणीचे धैर्य मोठेच. परंतु तिचे वडील 'नवाकाळ'चे संपादक होते, तिचे म्हणणे समाजापुढे नेऊ शकणारे होते. पालीच्या मुलीवर तसाच प्रसंग आला तर तिच्या मागे कोण उभे राहणार? हक्क जर घरच्या वजनावर मिळणार असेल, तर त्याला हक्क म्हणता येत नाही.

जगातही हे प्रयोग झाले आहेत. १९८६ साली ग्रँडमास्टरांनी आपली संघटना काढली. ती नामवंतांची होती. मतभेद झाले आणि काही वर्षांतच ती विरून गेली. १९९३ साली कास्पारोव्ह आणि शॉर्ट या दोघांनी व्यावसायिकांची म्हणून वेगळी संघटना काढली. तिच्या नावात व्यावसायिक सारे होते, कारभारात मात्र मोजकेच. प्रायोजकाने हात आखडता घेताच ती संपली. २००३ साली असोसिएशन ऑफ चेस प्रोफेशनल्स स्थापन झाली. एमिल सुतोव्स्की हे तिचे अनेक वर्षे अध्यक्ष होते. पुढे तेच जागतिक महासंघाचे वरिष्ठ पदाधिकारी झाले. यात त्यांचा व्यक्तिशः दोष आहे असे मी म्हणत नाही. परंतु कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या कोणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल: नेता टेबलाच्या पलीकडे गेला, तर अलीकडे बसायला दुसरा तयार आहे का? जी संघटना सर्वांत खालच्या सभासदापर्यंत पोहोचत नाही, ती वरच्या दोन माणसांच्या रुसव्याफुगव्यांवर जगते किंवा मरते.

मग वाट कोणती? ती शोधायला परदेशी जायला नको. बाजारपेठेतल्या हमालालाही एक मालक नसतो. आज या अडत्याची पोती, उद्या त्या. 'मालकच नाही, तर हक्क कोणाकडे मागणार?' असे त्याला वर्षानुवर्षे ऐकवले गेले. संघर्षानंतर १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालांची नोंदणी, मालकांचीही नोंदणी, मजुरीवर आकार आणि त्या सामाईक निधीतून रजा, उपदान, औषधपाणी. मालक अनेक असले तरी जबाबदारी एकत्र बांधता येते, हे या मातीने सिद्ध केले आहे. बुद्धिबळातही प्रत्येक स्पर्धेच्या प्रायोजकाकडून ठरावीक वाटा घेऊन खेळाडूंचा निधी का उभारू नये? आणि महासंघाच्या कार्यकारिणीत खेळाडूंनी निवडलेले प्रतिनिधी मताधिकारासह का बसू नयेत?

काही जण म्हणतील, खेळ ही उपासना आहे, तिथे युनियनबाजी कशाला? उपासना जरूर करावी. पण उपाशीपोटी नव्हे. शिवाय देवळाच्या दानपेटीचा हिशेब मागणारा भक्त नास्तिक ठरत नाही.

आता त्या वडिलांना उत्तर देतो. दादा, खोटी आशा दाखवणार नाही. आज या खेळावर फार थोड्यांचे पोट भरते. म्हणून तिची शाळा सोडवू नका. आणि आपल्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर ज्या घरांतून कोयता बाहेर पडतो, त्या घरातली असेल तर तिला फडावर नेऊ नका. पट तिच्यापुढे राहू द्या. उचलीखाली दबलेल्या आपल्या माणसांना मुकादमाशी एकट्याने बोलून काय मिळते ते तुम्ही जाणता. एकत्र येऊन बोलल्याने काय मिळते तेही या जिल्ह्याने संपांत पाहिले आहे. पोरीला डावपेच शिकवणारे गुरुजी येथे आहेतच. ही दुसरी गोष्ट तिला तुम्हीच शिकवू शकाल.

बालमित्रांनो, पटावर प्यादे एकेकच घर पुढे सरकते. पण शेजारच्या प्याद्याने राखलेले प्यादे मारताना वजिरालाही दहादा विचार करावा लागतो. हे तुम्ही आज सकाळपासून खेळलाच आहात. मोठे झाल्यावर विसरू नका.